एअर पिस्तूलचं नाक (नळीचं पुढचं टोक) शेवटच्या सीरिजमध्ये खाली पडतंय? वजनाला हात लावायच्या आधी हे बघा

मंडळी, हा प्रॉब्लेम मी गेल्या सहा-सात वर्षांत इतक्या पोरांच्या पिस्तुलात बघितलाय की आता कोणी रेंजवर येऊन "सर, बॅलन्स बिघडलाय" म्हटलं की आधी त्याच्या हातातलं पिस्तुलाला लावायच्या छोट्या वजनांचं पाकीट बाजूला ठेवायला सांगतो. मी गोव्यात कुंडईला टूलरूममध्ये काम करतो, संध्याकाळी रेंजवर. ॲलन की आणि वजनकाटा दोन्हीकडे सारखेच लागतात. ही पोस्ट १० मीटर एअर पिस्तूलबद्दल आहे, पॉइंट टू टू (.२२ बोअरची गोळी) वाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

आधी लक्षणं, कारण "बॅलन्स बिघडला" हे लक्षण नाही, तो आपण काढलेला निष्कर्ष आहे.

पहिल्या तीन सीरिज (एक सीरिज म्हणजे दहा शॉट) छान जातात, ९३, ९४, ९३, आणि पाचवी-सहावी सरळ ८७-८६. खराब शॉट सगळे सहाच्या बाजूला, म्हणजे खाली, डावी-उजवीकडे फारसे नाहीत. होल्डिंग घेतल्यावर पाच-सहा सेकंद फ्रंट साइट व्यवस्थित असते आणि मग हळूच मागच्या साइटच्या खाचेत बुडायला लागते, तुम्ही वर उचलता, ती परत बुडते. शॉट गेल्यावर फ्रंट साइट परत मूळ जागी येत नाही, खालीच कुठेतरी थांबते. घरी जाताना कोपर ते मनगट ह्या भागातला वरच्या बाजूचा स्नायू जळजळतो, स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळताना कळतं. ह्यातली दोन-तीन लक्षणं एकदम असतील तर पुढे वाचा.

ही गोष्ट मुलींमध्ये जास्त दिसायला लागली त्याचं एक साधं कारण आहे, २०१८ पासून त्यांनाही ४० ऐवजी ६० शॉट झाले, आणि हा फॉल्ट बरोबर शेवटच्या वीस शॉटमध्ये बाहेर येतो. साठ शॉट, वर साइटर (आधीचे सरावाचे शॉट), वर उचलून न मारता परत खाली ठेवलेले, सगळं धरलं तर शंभरच्या वर वेळा एक किलोचं पिस्तूल एका हाताने वर जातं.

आणि इतकं लक्ष का द्यायचं तेही सांगतो. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटीमीटर अंतर असतं, टार्गेट १० मीटरवर. म्हणजे फ्रंट साइट खाचेत १ मिलिमीटर खाली बसली तर टार्गेटवर शॉट ३० मिलिमीटर खाली जातो. एक रिंग ८ मिलिमीटरची. जवळपास चार रिंगा गेल्या. उलट अख्खा हातच साइटसकट १ मिलिमीटर खाली आला तर शॉटही फक्त १ मिलिमीटर खाली. म्हणून हात हलतो त्याची एवढी काळजी नको, मनगट वाकतं त्याची करा.

कशालाही हात लावायच्या आधी: पेलेट काढा, नळीत सेफ्टी फ्लॅग घाला, तोंड टार्गेटकडे. स्क्रू फिरवायचे असतील तर सिलिंडर (दाबाखालच्या हवेची नळकांडी) काढून ठेवा. घरी करत असलात तरी हेच, घरी तर जास्तच.

काहीच खर्च नाही, फक्त बघायचं

मागच्या चार-पाच सेशनचे प्रिंट किंवा कार्डं समोर ठेवा. सगळाच ग्रुप खाली आहे पण घट्ट आहे, तर तो बॅलन्स नाही, साइटचे क्लिक आहेत, दोन क्लिक वर करा आणि विषय संपला. ग्रुप उभा लांबट झालाय, वरचे शॉट टेनमध्ये आणि खालचे आठमध्ये, तर मग आपला प्रॉब्लेम. पाच मिनिटांचं काम आहे पण दहातले तीन जण इथेच मोकळे होतात.

मग सिलिंडरचा गेज बघा. हे खूप जण सोडून देतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण एका मुलाचा अख्खा सीझन ह्यात गेला. तो सकाळी भरलेला सिलिंडर लावायचा, पहिल्या सीरिज मस्त, आणि नंतर प्रेशर मॅन्युअलमधल्या खालच्या मर्यादेच्या खाली गेलं की शॉट खाली पडायला लागायचे, आणि तो बिचारा मनगटाचे व्यायाम करत बसला. हिशोब असा: पेलेट साधारण १५० मीटर प्रति सेकंदाने निघतो, तो १३० वर आला तर १० मीटरवर ७ मिलिमीटर खाली लागतो, म्हणजे जवळपास एक रिंग, तुम्ही काहीही चूक न करता. दुसरं, हवेलाही वजन असतं. ७० सीसीच्या आसपासचा सिलिंडर २०० बारला भरला की आतल्या हवेचंच वजन १५-१७ ग्रॅम. अर्धा रिकामा झाला की आठ ग्रॅम पुढून कमी. म्हणजे संपत आलेल्या सिलिंडरने नाक हलकं व्हायला हवं, जड नाही. तरी शॉट खाली जात असतील तर बॅलन्सवर नाही, प्रेशरवर संशय घ्या. मॅचला भरलेला सिलिंडरच लावा, आणि बॅलन्सची कुठलीही टेस्ट करताना सिलिंडर दर वेळी तितकाच भरलेला असू द्या, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

ॲलन की

ग्रिपचा मुख्य स्क्रू, पाम शेल्फचा (तळव्याची कडा जिच्यावर टेकते ती ग्रिपची खालची पट्टी) स्क्रू, रिअर साइट, पुढच्या वजनांचे स्क्रू. सगळे एकेक करून बघा, आवळायची घाई नको, आधी सैल आहे का ते बघा. पिस्तूल कानाजवळ धरून (सिलिंडर काढलेला, पेलेट नाही, फ्लॅग आत) हलकं हलवा. वजन नळीत किंवा रेलवर ढिलं असेल तर बारीक टक-टक ऐकू येते. असं सैल वजन तुम्ही पिस्तूल उचलता तेव्हा एका जागी असतं आणि शॉटच्या धक्क्याने दुसऱ्या, म्हणजे प्रत्येक शॉटला बॅलन्स वेगळा.

गोव्यात हे इतरांपेक्षा जास्त होतं असं माझं ठाम मत आहे. लाकडी ग्रिप अक्रोडाची, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा अशी की मीठ पाणी होतं. लाकूड फुगतं. मग डिसेंबरात थोडं कोरडं झालं किंवा एसी रेंजवर आठवडाभर सराव झाला की आकसतं, आणि पावसात आवळलेला स्क्रू आपोआप ढिला. चवथीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त पिस्तुलं येतात, पंधरा दिवस केसमध्ये बंद पडलेली असतात. स्क्रूच्या डोक्यावर तांबूस डाग दिसला तर तो स्क्रू बदला, समुद्राची हवा आहे, गंजलेल्या स्क्रूची पकड बोटाला घट्ट वाटते पण ती गंजाची पकड. स्टेनलेसचा त्याच मापाचा घ्या, फार तर वीस-तीस रुपये.

माझ्या ग्रिपवर पाम शेल्फच्या बाजूला पेन्सिलच्या दोन रेघा आहेत, एक पावसाळ्याची, एक थंडीची. दोघींमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर आहे. दर वर्षी दोनदा शेल्फ हलवतो.

डोळे मिटून

ही सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, आणि फुकट. कोऱ्या भिंतीसमोर नेहमीच्या स्टान्समध्ये उभे राहा, डोळे मिटा, पिस्तूल उचला, मनगट लॉक करा, दोन श्वास घ्या, आणि डोळे उघडा. हात कुठे आहे ते बघू नका, फक्त फ्रंट साइट खाचेत कुठे आहे ते बघा. दहा वेळा करा आणि लिहा. दहापैकी सात-आठ वेळा फ्रंट साइट खाली बुडालेली दिसली तर तुमचं मनगट नैसर्गिकपणे जिथे थांबतं तिथे ग्रिप बसत नाहीये. तुम्ही प्रत्येक शॉटला नकळत मनगट वर ओढून साइट जुळवता. तीसेक शॉट स्नायू साथ देतात, नंतर सोडतात. ह्यात वजनाचा काहीच दोष नाही, पिस्तूल अर्ध्या किलोचं असतं तरी हेच झालं असतं, फक्त थोडं उशिरा.

स्टायर, मोरिनी, पार्दिनी, वॉल्थर, कुठलंही असो, आजच्या बहुतेक मॅच पिस्तुलांत ग्रिपचा कोन थोडा मागेपुढे करायची सोय असते, मॅन्युअल काढून आपल्या मॉडेलची पद्धत बघा. मुख्य स्क्रू सैल करून अगदी थोडा फरक, परत आवळून परत दहा वेळा डोळे मिटून. एका दिवसात एवढंच. दुसऱ्या दिवशी ताज्या हाताने परत बघायचं, कारण त्याच संध्याकाळी हात नव्या कोनाला जुळवून घेतो आणि सगळं बरोबरच वाटतं.

हात ग्रिपमध्ये सरकतोय का

डिचोलीची एक मुलगी आहे, आता अकरावीत. वडील घेऊन आले, म्हणाले, "सर, हिला पिस्तूल जड होतंय वाटतं, पण पुढचं वजन काढलं की हात थरथरतो म्हणते, काय करायचं ते कळत नाही." पुढे २५ ग्रॅमची दोन वजनं लावलेली, कोणातरी सीनियर मुलाच्या पिस्तुलाला होती म्हणून. तिच्याकडे बघितलं तर होल्डिंग सुंदर, पहिली दहा मिनिटं तर मला काही सापडेना.

मग म्हटलं बाय, हात पूस आणि तळव्याला थोडी टाल्कम पावडर लाव. ग्रिप पुसून कोरडी केली, तिने धरली, दहा वेळा उचलून खाली ठेवली, बोटं न सोडता. मग हात काढला. पाम शेल्फच्या वर तळहाताच्या कडेचा पांढरा ठसा जिथे घट्ट उमटायला हवा होता तिथे पुसट फराटा होता, वरून खाली, चार-पाच मिलिमीटर लांब. हात दर वेळी थोडा खाली सरकत होता. हात खाली गेला की नळी हातापासून उंच जाते, नाकाला मनगटावर जास्त जोर मिळतो, आणि शेवटच्या सीरिजपर्यंत हात पूर्ण खाली बसलेला असतो. शेल्फचा स्क्रू ढिला झालेला. वर सरकवून आवळला, तळवा त्याच्यावर टेकला पाहिजे पण चिमटला नाही पाहिजे. नंतर दोन्ही वजनं काढायला लावली. पहिल्या दिवशी तिला पिस्तूल फार हलकं, उडतंय असं वाटलं, आठवड्याने सवय झाली. पन्नास ग्रॅम विनाकारण वागवत होती ती आठ महिने.

शेल्फ घट्ट करूनही पोकळी राहत असेल, म्हणजे तळव्याच्या खळग्यात पावडर लागतच नसेल, तर लाकडाची पुट्टी किंवा एपॉक्सी पुट्टी पातळ थरात लावा, सुकल्यावर पॉलिशपेपर. थोडं-थोडं. जास्त लागली तर घासून काढता येते, पण मूळ लाकूड घासलं तर परत येत नाही, म्हणून लाकूड घासायच्या आधी दोन आठवडे थांबा. नियम लक्षात ठेवा, शेल्फने ग्रिपशी ९० अंशापेक्षा कमी कोन करता कामा नये, वर वळता कामा नये, ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये, आणि मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे. इक्विपमेंट कंट्रोलवर (मॅचआधीची पिस्तुलाची तपासणी) पुट्टीवालेच अडकतात.

घामाचं वेगळं लिहायला नको, रुमाल जवळ ठेवा, दर पाच शॉटला हात पुसा.

ट्रिगर

पटकन सांगतो. एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅम उचलला पाहिजे, नळी उभी धरून ५०० ग्रॅमचं टेस्ट वजन लटकवून बघतात, रेंजवर असतं. तुमचा ६००-६५० वर गेलेला असेल तर दमलेलं बोट ओढताना मनगटही ओढतं आणि नाक बुडतं, दिसायला अगदी बॅलन्ससारखं. ट्रिगर वेटचा स्क्रू मॅन्युअल बघून स्वतः फिरवायला हरकत नाही. दुसऱ्या कुठल्या ट्रिगर स्क्रूला हात लावू नका.

आता वजन

इथपर्यंत सगळं करून फॉल्ट राहिलाच तर खरोखर बॅलन्सचं काम आहे. माझ्या अनुभवात चार-पाचांत एकाचंच असतं.

आधी मोजा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो, म्हापशाच्या बाजारात मिळतो तसला. मॅचला जसं वापरता तसं पूर्ण पिस्तूल, भरलेल्या सिलिंडरसकट. नियमाप्रमाणे १५०० ग्रॅमपर्यंत चालतं आणि बहुतेकांचं हजारच्या आसपास असतं, म्हणजे मर्यादेची भीती नाही. माप मात्र बघा, वजनं लावल्यावर अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे.

मग बॅलन्स पॉइंट. जाड दोरीचा फास करून ट्रिगर गार्डच्या पुढे पिस्तुलाखालून घ्या, खाली घडी केलेला टॉवेल, आणि पुढेमागे सरकवत पिस्तूल आडवं सरळ लटकेल ती जागा शोधा. तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावून रेघ मारा, ट्रिगरपासून रेघेपर्यंत किती मिलिमीटर ते वहीत. हा आकडा नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

पहिलं काम, नवीन काही न लावता असलेलं वजन मागे घ्या. हजार ग्रॅमच्या पिस्तुलावर २० ग्रॅमचं वजन १० सेंटीमीटर मागे सरकवलं की बॅलन्स पॉइंट २ मिलिमीटर मागे येतो. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण मनगटापासून ३० सेंटीमीटरवरचे २० ग्रॅम मनगटाला १० सेंटीमीटरवरच्या ६० ग्रॅमइतके लागतात. आणि उलट, बॅलन्स पॉइंटच्या १८ सेंटीमीटर पुढे नवे ३० ग्रॅम लावलेत तर पॉइंट ५ मिलिमीटर पुढे जातो, तेवढ्याने पिस्तुलाचा स्वभावच बदलतो.

कुठल्या बाजूला जायचं? नाक जड असलं की फ्रंट साइट शांत दिसते, हालचाल संथ होते, म्हणून सगळ्यांना पुढे वजन आवडतं, आणि तेच चाळिसाव्या शॉटनंतर खाली ओढतं. नाक फार हलकं असलं की उचलायला सोपं पण साइट बारीक-बारीक नाचते आणि शॉटनंतर वर उडते. तुमच्या हाताला जितकं पुढे वजन साठाव्या शॉटलाही पेलतं तितकंच लावायचं, पहिल्या शॉटला जे छान वाटतं ते नाही. म्हणून टेस्ट सेशनच्या शेवटी घ्या, दमलेल्या हाताने. कार्ड उलटं लावा, कोरी बाजू समोर, वीस शॉट, फक्त साइट बघत. ग्रुपची उंची मोजा. एका सेटिंगला तीन दिवस, मग दुसरं. एका वेळी १० ग्रॅमच.

ट्रायलसाठी कंपनीची महाग वजनं लगेच घेऊ नका. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्या असतात, ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे, थोडक्या पैशात मिळतात. फ्रेमवर किंवा पुढच्या रेलवर चिकटवून जागा ठरवा, जागा पक्की झाली की मग स्क्रूवालं नीट वजन घ्या, मॅचला चिकट पट्टी नको, घामाने आणि उन्हात ठेवलेल्या गाडीत ती सुटते. जाळ्याची शिसं चेचून लावलेलीही बघितलीत मी, शिसं हाताला लागतं, लहान मुलांनी तर अजिबात नको. आणि सिलिंडरवर काहीही चिकटवायचं नाही, क्लॅम्प नाही, ड्रिल नाही, हीट गन नाही. आत २०० बार आहे.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या पिस्तुलाला मी पुढे वजन लावतच नाही, उलट काढता येईल तेवढं काढतो.

जे ठरेल ते केसच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा: एकूण वजन, बॅलन्स पॉइंट, ग्रिपचा कोन, शेल्फची रेघ, ट्रिगर. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल क्वालिफिकेशन चालू असतानाच बिघडलं आणि किती मिनिटं गेली ते आपण सगळ्यांनी बघितलं. आपल्या लेव्हललाही क्लबचं दुसरं पिस्तूल हातात घ्यायची वेळ येते, तेव्हा हे पाच आकडे असले की दहा मिनिटांत जवळपास आपल्यासारखं करून घेता येतं.

इथे थांबा, स्वतः करू नका

सिलिंडर लावल्यावर फुस्स आवाज येतोय, किंवा रात्रभर ठेवला की गेज खाली येतो: सील गेलं, आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर). सिलिंडरवरच्या तारखेला १० वर्षं झाली असतील तर दुरुस्तीही नाही, नवा घ्या. भरलेल्या सिलिंडरवरही शॉटचा आवाज कमी-जास्त होतोय, तर रेग्युलेटर, तो घरी उघडायचा नाही. ट्रिगरला बोट न लावता किंवा नुसता धक्का लागून शॉट सुटला, एकदाच जरी, तर त्याच क्षणी पिस्तूल बंद, रेंज ऑफिसरला सांगा, "परत होतं का बघू" असं करू नका. नळी हाताने हलतेय, ग्रिप स्क्रूच्या भोकापासून चिरलीय, किंवा बॅलन्ससाठी धातू कापायचा विचार आलाय, तरीही आर्मररच.

पॉइंट टू टू स्पोर्ट पिस्तूलला मर्यादा वेगळ्या, १४०० ग्रॅम, ट्रिगर १००० ग्रॅम, पेटी ३०० बाय १५० बाय ५०. डोळे मिटायची आणि पावडरची टेस्ट पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून रेंजवरच करा. बाकी ते लायसन्सचं शस्त्र आहे, दुरुस्ती किंवा बदल लायसन्स असलेल्या आर्मररकडूनच, टूलरूममध्ये मित्र आहे म्हणून त्याच्याकडे न्यायचं नाही. माझ्याकडे कोणी आणलं तर मी परत पाठवतो.

आणि हातात मुंग्या येत असतील, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल, सकाळी पाण्याचा तांब्या उचलताना कळ येत असेल, तर दोन आठवडे ड्राय फायरिंगही (पेलेट न घालता केलेला सराव) बंद आणि फिजिओकडे. पालकांनो, मुलं हे सांगत नाहीत, मॅच जवळ असली तर अजिबात सांगत नाहीत, तुम्ही विचारा.

आर्मररकडे पिस्तूल देताना नुसतं "बॅलन्स बघा" म्हणू नका. कितव्या शॉटनंतर, ग्रुप किती उंच, प्रेशर किती असताना, आणि तुम्ही आतापर्यंत काय-काय बदललंत हे कागदावर लिहून केसमध्ये ठेवा, आणि सिलिंडर वेगळा काढून द्या.